यंत्राची दृष्टी आणि वाशिमचे शिवार

श्रावण सरत आला की वाशिम जिल्ह्यातील सोयाबीन शेंगांवर येते आणि शेतकऱ्याचे लक्ष आभाळाकडून पानाकडे वळते. हिरव्या पानावर पिवळेपणा दिसू लागला, तर तो कशाचा समजावयाचा? पांढऱ्या माशीने पसरविलेल्या पिवळ्या मोझॅक रोगाचा, लोहाच्या कमतरतेचा, की साचलेल्या पाण्यात मुळे गुदमरल्याचा? रंग एकच, परंतु उपाय तीन निरनिराळे. मोझॅक असेल तर रोगट झाडे उपटून नष्ट करावयाची आणि माशीचा बंदोबस्त करावयाचा. लोहाची उणीव असेल तर कीटकनाशकावर केलेला खर्च मातीत गेला असेच म्हणावे लागेल. पाणी साचले असेल तर चर काढून निचरा करणे हाच इलाज. निदान चुकले की औषधाचा पैसा जातो, आणि त्याहून मोलाचे असे आठ-दहा दिवस हातचे निघून जातात.

अनुभवी शेतकरी व कृषी शास्त्रज्ञ पान हातात घेताच यातील भेद सांगतात. लोहाच्या उणिवेत कोवळी पाने पिवळी पडतात, पण शिरा हिरव्या राहतात. मोझॅकमध्ये हिरव्या-पिवळ्या रंगांचे वेडेवाकडे ठिगळ दिसते. ही जाणती नजर मोलाची खरी, परंतु ती थोड्यांजवळ असते आणि शिवार फार मोठे असते. २००८ च्या खरिपात विदर्भ व मराठवाड्यातील सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. त्या अनुभवातूनच २००९-१० पासून महाराष्ट्र शासनाने पिकांवरील कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प, म्हणजेच ‘क्रॉपसॅप’, हाती घेतला. सर्वेक्षकांनी ठराविक शेतांना नियमित भेटी द्याव्यात, किडींची मोजदाद करावी आणि तीवरून वेळेवर सल्ला द्यावा, अशी त्याची रचना. पुढे २०२३ मध्ये विदर्भाच्या अनेक भागांत पिवळ्या मोझॅकने सोयाबीनला ग्रासले, तेव्हा जाणत्या नजरेची निकड पुन्हा एकदा जाणवली.

ही नजर यंत्राला देता येईल काय, या प्रश्नातून जी ज्ञानशाखा विकसित झाली, तिला ‘संगणकीय दृष्टी’ असे म्हणतात. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ या विस्तृत विषयाचे ते एक महत्त्वाचे अंग होय. वाशिमसारख्या जिल्ह्यातील विद्यार्थ्याने या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण का घ्यावे आणि कसे घ्यावे, याची माहिती विद्यार्थ्यांना व त्यांच्या पालकांना व्हावी, हा या लेखाचा उद्देश आहे. प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर असल्याने विषय सोप्या भाषेत मांडण्याची सक्ती त्याच्यावर आपोआपच आली आहे.

यंत्र पाहते म्हणजे काय करते?

छायाचित्र संगणकाच्या दृष्टीने केवळ अंकांचे एक कोष्टक असते. शाळेतील आलेख कागदाची कल्पना करावी. त्यावरील प्रत्येक बारीक चौकोनात तांबडा, हिरवा व निळा या तीन रंगांचे प्रमाण दर्शविणारे तीन आकडे लिहिले आहेत आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या दरम्यान आहे. लांबी-रुंदीत एक-एक हजार चौकोन असलेल्या चित्रात असे दहा लक्ष चौकोन, म्हणजेच तीस लक्ष आकडे होतात. पान, डाग, अळी यांपैकी कोणतीही गोष्ट त्या कोष्टकात नावानिशी लिहिलेली नसते. आकड्यांच्या या गर्दीतून ‘हे मोझॅकचे पान आहे’ असा निष्कर्ष काढावयाचा, हेच संगणकीय दृष्टीचे कार्य.

त्यासाठी नऊ घरांची एक लहानशी चौकट त्या कोष्टकावरून डावीकडून उजवीकडे व वरून खाली फिरविली जाते. चौकटीतील प्रत्येक घरात एक गुणक असतो. खालच्या आकड्यांना त्या गुणकांनी गुणून बेरीज घेतली, की शेजारच्या चौकोनांतील फरक उठून दिसतो. जेथे फरक मोठा, तेथे कडा. अशा अनेक चौकटींच्या पहिल्या थरातून कडा व रंगांतील बदल, पुढच्या थरांतून शिरा व ठिपके आणि त्याहीपुढच्या थरांतून पानाचे सबंध रूप हाती येते.

या गुणकांचे आकडे कोणी ठरवावयाचे? येथेच या शास्त्राचे मर्म आहे. घरातील लहान मूल तुरीचे आणि सोयाबीनचे पान वेगळे ओळखू लागते, ते काही व्याख्या पाठ करून नव्हे. पुन्हा पुन्हा पाहून आणि चुकल्यावर कोणीतरी सुधारल्यामुळे ते शिकते. यंत्रालाही हजारो चित्रे त्यांच्या खऱ्या उत्तरांसह दाखवितात. त्याचे उत्तर चुकले की चुकीचे माप काढले जाते, आणि ती कमी होण्यासाठी कोणता गुणक किती वाढवावा अथवा घटवावा, हे कलनशास्त्राच्या आधारे ठरविले जाते. ही क्रिया लक्षावधी वेळा घडते. यंत्राचे ‘शिकणे’ ते हेच.

साठ वर्षांची वाटचाल

हे शास्त्र एका रात्रीत उदयास आलेले नाही. मांजराच्या मेंदूतील काही पेशी विशिष्ट दिशेच्या कडा दिसताच उद्दीपित होतात, हे ह्यूबेल व वीझेल या शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये दाखवून दिले. पुढे १९८१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा बहुमान लाभला. १९६६ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत दृष्टीचा प्रश्न विद्यार्थ्यांच्या मदतीने एका उन्हाळ्यात बऱ्याच अंशी मार्गी लागेल, अशा उमेदीने एक प्रकल्प आखण्यात आला होता. तो उन्हाळा सरला, परंतु प्रश्न सुटावयास पुढील अनेक दशके लागली. जपानच्या फुकुशिमा यांनी १९८० मध्ये थरांची रचना मांडली. यान लेकुन यांनी १९८९ मध्ये टपालावरील हस्तलिखित अंक यंत्राकडून वाचून घेतले. २००९ मध्ये ‘इमेजनेट’ हा चित्रसंग्रह पुढे आला आणि कालांतराने त्यातील चित्रांची संख्या एक कोटी चाळीस लक्षांवर गेली. २०१२ मध्ये टोरंटो विद्यापीठाच्या तीन संशोधकांनी या संग्रहावरील स्पर्धेत चुकांचे प्रमाण सुमारे २६ टक्क्यांवरून १५ टक्क्यांच्या आसपास आणले आणि जगभर या विषयाचे पारडे फिरले. या तिघांतील ज्येष्ठ संशोधक जेफ्री हिंटन यांना २०२४ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जॉन हॉपफिल्ड यांच्यासमवेत मिळाले.

महाराष्ट्राच्या सुपुत्रांनीही या क्षेत्रात नाव मिळविले आहे. मूळचे नाशिकचे आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी असलेले डॉ. रमेश रासकर यांनी अमेरिकेत उच्च शिक्षण घेतले. २०११ मध्ये त्यांच्या गटाने सेकंदाला एक लक्ष कोटी चित्रे या वेगाने प्रकाशाचा प्रवास टिपणारी छायाचित्रण पद्धती जगापुढे ठेवली. भ्रमणध्वनीच्या साहाय्याने डोळ्यांचा क्रमांक काढणारे स्वस्त उपकरणही त्यांच्याच गटाचे.

दाखविले तेवढेच शिकते

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एवढी प्रगती झाली असताना वाशिमच्या सोयाबीनचे पान यंत्र अचूक ओळखील काय?

याचे उत्तर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सापडते. ‘प्लांटव्हिलेज’ या संग्रहातील ५४,३०६ पानांची चित्रे दाखवून यंत्राला १४ पिके व २६ रोग शिकविण्यात आले. त्याच संग्रहातून राखून ठेवलेल्या चित्रांवर यंत्राची परीक्षा घेतली असता उत्तरे ९९.३५ टक्के अचूक आली. परंतु निराळ्या परिस्थितीत घेतलेली, अन्यत्र मिळविलेली चित्रे पुढे ठेवताच ही अचूकता ३१ टक्क्यांच्या आसपास घसरली. संशोधकांनी ही मर्यादा स्वतःच नमूद केली, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे द्योतक होय. कारण उघड आहे. संग्रहातील चित्रांत एकच पान साध्या पार्श्वभूमीवर ठेवलेले होते. शेतात मात्र पानामागे पान असते, त्यावर सावली असते, चिखलाचे शिंतोडे असतात आणि वाऱ्याने ते हलत असते.

आणखी एक गोष्ट आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. त्या १४ पिकांत सफरचंद होते, स्ट्रॉबेरी होती, परंतु कापूस नव्हता आणि तूरही नव्हती. सोयाबीन होते, पण केवळ निरोगी पानांचे. म्हणजे ज्या रोगाने विदर्भातील शेतकऱ्याची झोप उडते, त्याचे एकही पान त्या यंत्राने पाहिले नव्हते. जे दाखविले नाही, ते यंत्र शिकत नाही. आपल्या शिवाराची चित्रे आपण जमविली नाहीत, जाणत्या माणसांकडून त्यांची नावे लावून घेतली नाहीत, तर दूरदेशी तयार झालेले यंत्र आपल्या पानाकडे पाहून आत्मविश्वासाने चुकीचे उत्तर देईल. आणि त्या उत्तरावर विसंबून फवारणी करणारा शेतकरी मात्र आपला असेल.

वाशिमच्या विद्यार्थ्याची गरज येथे आहे. मोझॅक आणि लोहाची उणीव यांतील भेद ज्याने वडिलांच्या मागे शेतात फिरताना पाहिला, तो या विषयात आला तर त्याच्यापाशी असे काही असेल, की जे कोणत्याही मोठ्या शहरातील प्रयोगशाळेत विकत मिळत नाही.

कापसाने घालून दिलेला धडा

हे केवळ स्वप्न नव्हे, याचे उदाहरण कापसात दिसते. २०१८ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या वाधवानी कृत्रिम बुद्धिमत्ता संस्थेने कपाशीवरील बोंडअळीसाठी एक साधन विकसित केले. कामगंध सापळ्यात अडकलेले पतंग शेतकरी कागदावर पसरवितो आणि भ्रमणध्वनीने त्यांचे छायाचित्र घेतो. यंत्र त्यातील पतंग ओळखून मोजते. गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ पतंग ही आर्थिक नुकसानीची पातळी समजली जाते. तिच्याशी तुलना करून फवारणीचा सल्ला मिळतो. हे गणित साध्या भ्रमणध्वनीवर व इंटरनेटच्या जोडणीवाचून चालावे, यासाठी ते आटोपशीर करण्यावर संशोधकांना मोठे परिश्रम घ्यावे लागले. खेड्यातील गरज ओळखली, तरच संशोधनाला योग्य दिशा मिळते, हा त्यातील धडा.

शासनानेही या दिशेने पाऊल टाकले आहे. राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये ‘महाॲग्री-एआय धोरण २०२५-२०२९’ मंजूर केले असून पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद योजिली आहे. धोरण कागदावरून शेतात उतरवावयाचे, तर हा विषय खोलवर शिकलेली आणि येथील शेती जाणणारी माणसे हवीत.

पदव्युत्तर वर्गात काय शिकावे लागते?

एम. टेक. हा अभ्यासक्रम सामान्यतः दोन वर्षांचा, म्हणजे चार सत्रांचा असतो. आरंभीच्या सत्रांत रैखिक बीजगणित, संभाव्यता व संख्याशास्त्र, इष्टतमीकरण, यंत्र-शिक्षण, प्रतिमा-संस्करण आणि संगणकीय दृष्टी हे विषय येतात. दुसऱ्या वर्षाचा मुख्य भार प्रबंधावर असतो. एखादा खरा प्रश्न निवडावयाचा, त्यावर पूर्वी झालेले काम वाचावयाचे, चित्रे मिळवावयाची, प्रयोग करावयाचे आणि निष्कर्ष मार्गदर्शकांपुढे सिद्ध करावयाचा.

एक गैरसमज येथे दूर करणे इष्ट होय. तयार आज्ञावली चालवून पाहणे म्हणजे हा विषय येणे नव्हे. अल्पमुदतीच्या वर्गात ते काम चार आठवड्यांत शिकता येते. परंतु अचूकता ९९ वरून ३१ टक्क्यांवर का आली, हे शोधून काढावयास गणित लागते. म्हणून ज्यांना या वाटेने जावयाचे आहे, त्यांनी बारावीच्या गणिताचा पाया पक्का करावा. कोष्टके, अवकलन व संभाव्यता हे तीन घटक तर पुन्हा पुन्हा सोडवावेत.

प्रवेशाचा मार्ग

एम. टेक.च्या प्रवेशाचे प्रमुख द्वार म्हणजे ‘गेट’ ही राष्ट्रीय परीक्षा. ती दरवर्षी फेब्रुवारीच्या सुमारास होते, तीन तासांची व १०० गुणांची असते आणि तिचा गुणांक तीन वर्षे ग्राह्य धरला जातो. २०२४ पासून या परीक्षेत ‘विदाशास्त्र व कृत्रिम बुद्धिमत्ता’ अशी स्वतंत्र प्रश्नपत्रिका सुरू झाली आहे. संगणक शाखेबाहेरील, परंतु गणितात रस असलेल्या विद्यार्थ्यांसाठी ती विशेष सोयीची ठरावी. मात्र परीक्षेला बसण्याची पात्रता आणि प्रवेशाची पात्रता या दोन वेगळ्या बाबी आहेत. कोणत्या पदवीधराला कोठे प्रवेश मिळेल, हे प्रत्येक संस्थेच्या माहितीपुस्तिकेतून पाहून घ्यावे.

विज्ञान शाखेच्या पदवीधरांना ‘जॅम’ परीक्षेद्वारे एम. एस्सी.चा आणि गणित विषय घेतलेल्या अन्य पदवीधरांना राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेद्वारे दोन वर्षांच्या एम. सी. ए.चा मार्ग खुला आहे. तेथून पुढे अनेक संस्थांत एम. टेक. वा संशोधनाकडे वळता येते.

शिक्षणसंस्थांची वानवा नाही. नागपूर येथे १९६० मध्ये स्थापन झालेली व पुढे विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था या नावाने ओळखली जाऊ लागलेली संस्था आहे. तेथेच २०१६ पासून भारतीय माहिती तंत्रज्ञान संस्थाही आहे. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून विदर्भातील मुलांना अभियंते करीत आले आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत यंत्रबुद्धी व विदाशास्त्र यांचे स्वतंत्र केंद्र आहे. हैदराबादची भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था येथेही या विषयाचे विशेष अभ्यासक्रम आहेत.

खर्चाची चिंता

पालकांच्या मनातील पहिला प्रश्न खर्चाचा असतो आणि तो रास्त आहे. गेट उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त संस्थेत पूर्णवेळ एम. टेक.ला प्रवेश घेणाऱ्या पात्र विद्यार्थ्यास दरमहा १२,४०० रुपये शिष्यवृत्ती, कमाल चोवीस महिन्यांपर्यंत, मिळण्याची योजना आहे. प्रवेशाच्या वर्षीचे नियम मात्र पडताळून घ्यावेत. परदेशी विद्यापीठांत शिकू इच्छिणाऱ्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. संशोधन करू इच्छिणाऱ्यांनी पुण्याच्या ‘बार्टी’ व ‘सारथी’ आणि नागपूरच्या ‘महाज्योती’ या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे. ज्यांना शिकवणीचा खर्च परवडत नाही, त्यांच्यासाठी २००३ पासून चालू असलेल्या ‘एनपीटेल’ आणि २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम’ या उपक्रमांतून नामवंत प्राध्यापकांची व्याख्याने विनामूल्य ऐकता येतात.

महासंगणक पाहण्यासाठीही परदेशी जाण्याचे कारण नाही. पुण्याच्या ‘सी-डॅक’ या संस्थेतील ‘परम सिद्धी-एआय’ या संगणकाने नोव्हेंबर २०२० मध्ये जगातील बलाढ्य संगणकांच्या यादीत ६३ वे स्थान मिळविले होते. १९९१ मध्ये ज्यांच्या नेतृत्वाखाली भारताचा पहिला ‘परम’ महासंगणक साकारला, ते डॉ. विजय भटकर अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्याच्या मुरंबा या खेड्यात जन्मले. १ जुलै १९९८ रोजी वाशिम स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत आपली सहा तालुक्यांची भूमी त्याच अकोला जिल्ह्याचा भाग होती. मुरंब्याच्या या मुलाने नागपूरला पदवी, बडोद्याला पदव्युत्तर शिक्षण आणि दिल्लीला डॉक्टरेट अशी एकेक पायरी चढत ते शिखर गाठले.

प्रबंध आपल्या मातीचा असावा

२०१८ मध्ये केंद्र शासनाने देशातील आकांक्षित जिल्ह्यांत वाशिमचा समावेश केला. विकासाची मोठी मजल अजून मारावयाची आहे, याचीच ती नोंद. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधांचा या कामी मोठा हातभार लागू शकतो. रिसोड तालुक्यातील करडा येथे कृषी विज्ञान केंद्र आहे आणि अकोल्यास १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. तेथील तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली एका खरिपात, पेरणीपासून काढणीपर्यंत, दर आठवड्याला सोयाबीन व तुरीच्या पानांची छायाचित्रे घेऊन त्यांवर अचूक नावे लावली, तर तो संग्रहच पुढील संशोधकांसाठी मोलाचा ठेवा ठरेल. ज्यांना शेतीऐवजी इतिहासाची ओढ आहे, त्यांना मोडी कागदपत्रांच्या वाचनाचे क्षेत्र मोकळे आहे. मोडीतील मजकूर यंत्राकडून देवनागरीत उतरविण्याचे प्रयोग सुरू झाले आहेत आणि आपल्या दप्तरांत वाचनाची वाट पाहणारे रुमाल पुष्कळ आहेत.

या सर्व कामात एक जबाबदारी मात्र विसरता कामा नये. यंत्राला शंका आली, तर ‘मला सांगता येत नाही, तज्ज्ञास विचारा’ असे म्हणावयास त्यास शिकविले पाहिजे. शेतकऱ्याच्या शेताची व त्याच्या माहितीची छायाचित्रे त्याच्या संमतीवाचून वापरू नयेत. आणि यंत्राचे उत्तर हा सल्ला आहे, हुकूम नव्हे, हे दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवले पाहिजे.

दोन वर्षांचा हा अभ्यास कष्टाचा आहे. त्याने एका रात्रीत गावाचे रूप पालटणार नाही. परंतु पुढील एखाद्या श्रावणात मालेगाव किंवा मानोरा तालुक्यातील शेतकरी पिवळे पान भ्रमणध्वनीपुढे धरील आणि ‘फवारणी करू नका, लोहाची उणीव आहे’ असे अचूक उत्तर त्यास मराठीत मिळेल, तर त्यामागे याच मातीतील एखाद्या मुलीचा किंवा मुलाचा प्रबंध असावा. बारावीच्या वर्गात आज गणिताचे पुस्तक उघडून बसलेल्या विद्यार्थ्यांकडून तेवढी अपेक्षा करावयास हरकत नाही.